टेबलटॉप रोलप्लेइंग गटाचे सातत्य

टेबलटॉप रोलप्लेइंग गट म्हणजे टेबलाभोवती बसून फासे, कागद आणि संभाषण यांच्या साहाय्याने एक कल्पित कथा एकत्रितपणे खेळणाऱ्या, साधारणतः चार ते सात व्यक्तींचा गट होय. असा गट महिनोन्महिने एकत्र ठेवणे ही या छंदातील जुनी आणि आजही पूर्णपणे न सुटलेली अडचण आहे. नियम शिकणे, पुस्तके मिळवणे किंवा कथा रचणे यांपेक्षा पाच नोकरदार माणसांना ठरावीक दिवशी एकाच खोलीत आणणे अधिक कठीण ठरते. त्यामुळे अनेक मोहिमा कथेच्या शेवटापर्यंत न पोहोचता मध्येच थांबतात. गट मोडण्यामागे भांडणाचे कारण प्रसिद्ध असले, तरी दिनदर्शिका हे कारण अधिक सर्वसाधारण आहे. मुंबईच्या उपनगरांत अंतर, घरांचा आकार, कामाच्या पाळ्या आणि सणवार यांमुळे या अडचणीला स्थानिक रूप येते. साकीनाका परिसर हे त्याचे सोयीचे उदाहरण आहे.

खेळाचे स्वरूप

या खेळात एक व्यक्ती गेम मास्टर असते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या सर्वाधिक प्रसिद्ध खेळात तिला डंजन मास्टर किंवा नुसते डीएम म्हणतात. ही व्यक्ती कथेतील जगाचे वर्णन करते, खेळाडूंच्या पात्रांखेरीज इतर सर्वांच्या वतीने बोलते आणि नियमांबाबत निर्णय देते. उरलेले खेळाडू प्रत्येकी एक पात्र चालवतात. पात्राने काय करावयाचे हे खेळाडू ठरवतो. ते साधले की फसले हे बहुधा फाशांवर ठरते. एका बैठकीला सेशन म्हणतात आणि ते सहसा तीन-चार तास चालते. अनेक सेशनांत विणलेल्या सलग कथेला कॅम्पेन, तर एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळाला वन-शॉट म्हणतात.

गटाच्या दृष्टीने या रचनेचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. कॅरम किंवा पत्त्यांच्या डावात एखादा भिडू आला नाही तर शेजारच्याला बसवता येते. नाटकात आजारी नटाच्या जागी दुसरा नट पाठांतर करून उभा राहू शकतो, कारण संवाद आधीच लिहिलेले असतात. कॅम्पेनमधील पात्राचे संवाद मात्र कुठेही लिहिलेले नसतात. त्या पात्राचे वैर, देणे, दिलेली वचने आणि बोलण्याची ढब खेळाडूच्या स्मरणात असते. कागदावर राहतात ते आकडे. तो खेळाडू गेला की कथेचा एक धागा तुटतो आणि बाकीच्यांना त्याला गाठ मारून पुढे जावे लागते. असे दोन-तीन धागे तुटल्यावर उरलेल्यांनाही आपण नेमकी कोणती कथा खेळत आहोत हे सांगता येत नाही.

मोकळ्या टेबलाकडून ठरावीक गटाकडे

पाच ठरावीक माणसे आणि एक अखंड कथा ही रचना आज स्वाभाविक वाटते. परंतु खेळाच्या आरंभी ती तशी नव्हती. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींपैकी डेव्हिड वेसली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ नावाचा खेळ घेतला. त्यात खेळाडूंनी सैन्याऐवजी एकेक व्यक्ती चालवली. त्याच वर्तुळातील डेव्ह आर्नेसन यांनी त्यातून ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम उभी केली. आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये टीएसआर या संस्थेने प्रकाशित केला. त्याची पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती.

या पहिल्या नियमावलीत एका मोहिमेसाठी ४ ते ५० खेळाडू चालतील, असे नमूद होते. पन्नास माणसे एकाच खोलीत बसतील अशी अपेक्षा अर्थातच नव्हती. त्या दिवशी जे येतील ते भुयारात उतरतील, पुढच्या वेळी दुसरे येतील आणि जग मात्र तेच राहील, अशी ही व्यवस्था होती. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये गायगॅक्स यांनी खेळातील काळाची काटेकोर नोंद ठेवण्यावर जो भर दिला, त्याचे एक कारण येथे सापडते. वेगवेगळे खेळाडू वेगवेगळ्या दिवशी त्याच जगात वावरत असतील, तर कोण कुठे आणि केव्हा होता हे कोणाला तरी लिहून ठेवावेच लागते. अशा टेबलावर एखाद्याची गैरहजेरी ही घटनाच ठरत नाही.

पुढे खेळाचा कल बदलला. १९८४ पासून प्रकाशित झालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ साहसमालिकेत ठरावीक नायक, दीर्घ कथानक आणि निश्चित शेवट होता. तिच्या यशानंतर महाकादंबरीसारखी कॅम्पेन हा अनेक टेबलांचा आदर्श बनला. भावनिक खोलीच्या दृष्टीने हा मोठा लाभ होता. परंतु तेव्हापासून प्रत्येक सेशनला प्रत्येक पात्राची गरज भासू लागली आणि गैरहजेरीला किंमत आली. २०१५ पासून प्रक्षेपित होणाऱ्या ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमाने हाच आदर्श नव्या पिढीपुढे ठेवला. त्यातील खेळाडू व्यावसायिक आवाज-अभिनेते असून पुढे हा कार्यक्रम हाच त्यांचा व्यवसाय झाला, हे घरगुती गटांच्या तुलनेत सहसा विसरले जाते. ज्याची उपजीविका सेशनवर अवलंबून आहे, तो सेशन चुकवत नाही.

हजेरीचे गणित

गट विस्कळीत होण्यासाठी कोणीही बेजबाबदार असावे लागत नाही, हे साध्या संभाव्यतेवरून दिसते. एक गेम मास्टर आणि चार खेळाडू असा पाच जणांचा गट घेतला आणि प्रत्येक जण पाचपैकी चार वेळा येतो, म्हणजे त्याची हजेरी ८० टक्के आहे असे मानले, तर पाचही जण एका दिवशी हजर असण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ३३ टक्के भरते. सर्व जण आल्याशिवाय खेळावयाचे नाही असा गटाचा नियम असेल, तर तीनपैकी दोन बैठका रद्द होतील. सलग तीन आठवडे खेळ न होण्याची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास जाते. तीन आठवड्यांच्या खंडानंतर मागील कथा आठवत नाही, उत्साह ओसरतो आणि चौथ्या आठवड्यासाठी दुसरा कार्यक्रम ठरवणे सोपे जाते.

त्याच गटाने ‘गेम मास्टर आणि किमान तीन खेळाडू असले की खेळ होणार’ असा नियम केला, तर खेळ होण्याची शक्यता सुमारे ६६ टक्क्यांवर जाते आणि सलग तीन आठवडे बुडण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के उरते. माणसे तीच, त्यांची शिस्तही तीच. बदलला तो फक्त नियम. हे गणित प्रत्येकाची गैरहजेरी एकमेकांपासून स्वतंत्र आहे असे गृहीत धरते. प्रत्यक्षात दिवाळी सर्वांना एकदमच येते आणि पाऊसही सर्वांच्या डोक्यावर एकदमच पडतो, त्यामुळे वास्तव याहून काहीसे वेगळे असते.

याच कारणाने सहा-सात खेळाडूंचा गट चौघांच्या गटापेक्षा टिकाऊ असेलच असे नाही. संख्या वाढली की किमान संख्येची अट सहज पूर्ण होते. परंतु सर्वांना सोयीची वेळ शोधणे कठीण होते, प्रत्येकाच्या वाट्याला बोलण्याची वेळ कमी येते आणि ‘मी नसलो तरी चालेल’ ही भावना बळावते. ही भावना एकदा दोघांच्या मनात आली की किमान संख्येचा नियमही कामास येत नाही.

गेम मास्टरवरील भार

वरील गणितात गेम मास्टर अपरिहार्य आहे. खेळाडू तीन-चार तास देतो. गेम मास्टर त्याखेरीज तयारीचे तास देतो, बहुधा जागा देतो आणि ‘या शनिवारी कोण कोण येणार’ हा संदेशही बहुतेक वेळा तोच पाठवतो. यजमान, लेखक, पंच आणि कारकून ही चारही कामे एका माणसावर पडल्यामुळे तो थकतो. त्याचा थकवा बाहेरून आळसासारखा दिसतो. गट ‘आपोआप बंद पडला’ असे सांगितले जाते तेव्हा अनेकदा एवढेच घडलेले असते की, एका आठवड्यात त्याने संदेश पाठवला नाही आणि इतर कोणीही पाठवला नाही.

काही खेळांच्या रचनाकारांनी यावर नियमांतूनच उपाय शोधला. १९८७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘आर्स मॅजिका’मध्ये संचालकाची भूमिका आळीपाळीने घेण्याची पद्धत आहे. प्रत्येक खेळाडूकडे एकाहून अधिक पात्रे असतात आणि जे जादूगार पात्र त्या साहसात नाही ते आपल्या प्रयोगशाळेत अभ्यास करीत असल्याचे मानले जाते. म्हणजे गैरहजेरीला कथेतच मान्य कारण मिळते. ‘फियास्को’ (२००९) या खेळात गेम मास्टर नसतोच आणि कथा एका बैठकीत संपते. ‘ब्लेड्स इन द डार्क’ (२०१७) मध्ये व्यक्तींबरोबर त्यांच्या टोळीचीही स्वतंत्र नोंद ठेवली जाते. सभासद बदलले तरी टोळीची पत, मुलूख आणि शत्रू कायम राहतात. गटाच्या दुबळेपणाची दखल खेळाच्या रचनेनेच घेतल्याची ही उदाहरणे आहेत.

अपेक्षांमधील तफावत

एकाच टेबलावर बसलेली माणसे एकच खेळ खेळत असतात असे नाही. ग्लेन ब्लॅको यांनी १९८० मध्ये ‘डिफरंट वर्ल्ड्स’ या नियतकालिकात खेळाडूंच्या चार प्रवृत्ती वर्णिल्या: पात्राचे सामर्थ्य वाढवण्याची, भूमिकेत शिरण्याची, युद्धनीतीची आणि कथाकथनाची. रॉबिन लॉज यांनी २००२ च्या आपल्या मार्गदर्शिकेत अशाच वर्गीकरणाचा विस्तार केला. डावपेच रचण्यासाठी आलेल्या खेळाडूला दीड तास चाललेला राजदरबारातील संवाद कंटाळवाणा होतो. संवादासाठी आलेल्याला लढाईतील प्रत्येक पाऊल मोजणे नकोसे होते. दोघांपैकी कोणीही तक्रार करीत नाही. एक जण मोबाइल पाहू लागतो आणि दुसरा पुढच्या वेळी उशिरा येतो. अशा नाराजीचे स्पष्टीकरण ‘कामात अडकलो’ या शब्दांत दिले जाते, त्यामुळे दिनदर्शिकेचे कारण आणि कंटाळ्याचे कारण यांत फरक करणे गेम मास्टरला अवघड जाते.

प्रत्यक्ष वर्तनामुळे त्रास होत असेल तेव्हा प्रश्न अधिक नाजूक बनतो. मायकल सुइलेभेन-विल्सन यांच्या २००३ मधील निबंधात छंदवर्तुळांतील पाच सामाजिक गैरसमजांची चर्चा आहे. कोणालाही वगळणे हे मूळातच दुष्टपणाचे आहे, आणि माझे मित्र एकमेकांचेही मित्र असलेच पाहिजेत, हे त्यांपैकी दोन होत. शाळेत स्वतः वगळले गेल्याचा अनुभव असलेली माणसे एका त्रासदायक सभासदाला जायला सांगू शकत नाहीत. परिणामी उरलेले चौघे एकेक करून निघून जातात. आपल्याकडे याला भिडस्तपणाची जोड मिळते. मित्राच्या मित्राला, त्यातही चहा-पोहे देणाऱ्या घरच्या माणसाला, ‘तू येऊ नकोस’ असे सांगणे हे कोणत्याही नियमपुस्तकात शिकवलेले नसते.

अपेक्षा आधीच बोलून घेण्यासाठी खेळ सुरू करण्यापूर्वीची एक बैठक घेण्याची प्रथा रूढ झाली आहे. तिला सेशन झिरो म्हणतात. कथेचा सूर, बैठकींची वारंवारता, किमान हजेरी आणि वर्ज्य विषय तीत ठरतात. वर्ज्य विषयांची आखणी करणारी रॉन एडवर्ड्स यांची ‘रेषा आणि पडदे’ ही संकल्पना आणि खेळ चालू असताना नको असलेला प्रसंग थांबवण्यासाठी जॉन स्टॅव्हरोपोलोस यांनी सुचवलेले ‘एक्स-कार्ड’ ही साधने याच हेतूने वापरली जातात.

मुंबईच्या उपनगरांत

मुंबईत हा खेळ मुख्यतः इंग्रजी नियमपुस्तकांवर चालतो. टेबलावरची बोली मात्र मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या सरमिसळीची असते. नियम इंग्रजीत आणि बाचाबाची मातृभाषेत, असा साधारण प्रकार दिसतो. आयात पुस्तके महाग पडत असली तरी पैसा हा आता मुख्य अडथळा राहिलेला नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. खरी टंचाई जागेची आणि वेळेची आहे.

जागेच्या दृष्टीने साकीनाक्याचे स्थान लक्षणीय आहे. अंधेरी-कुर्ला रस्ता, पवईकडे जाणारा साकी विहार रस्ता आणि खैरानी रस्ता येथे एकत्र येतात. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांपासून हा नाका दूर असल्यामुळे पूर्वी येथे पोहोचण्यासाठी बस किंवा रिक्षाने वाहतुकीच्या कोंडीत बसण्याखेरीज पर्याय नव्हता. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही सुमारे ११.४ किलोमीटरची, १२ स्थानकांची मेट्रो सुरू झाली आणि साकीनाका स्थानक घाटकोपरहून तिसरे व अंधेरीहून पाचवे ठरले. बोरिवलीचा खेळाडू अंधेरीला, तर मुलुंडचा घाटकोपरला गाडी बदलून येथे येऊ शकतो. २०२४ मध्ये शेजारच्या मरोळ नाका येथे भुयारी मेट्रो ३ ची जोडणी मिळाली. ज्या गटाचे सभासद बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड असे विखुरलेले आहेत, त्याला दोन्ही रेल्वेमार्गांच्या मधोमध अशी जागा क्वचितच सापडते. मात्र ‘सर्वांना सारखीच सोयीची’ याचा अर्थ येथे ‘सर्वांना सारखीच गैरसोयीची’ असाही होतो. चार तासांच्या खेळासाठी जाण्यायेण्यात अडीच-तीन तास घालवावे लागले, की हजेरीच्या गणितातील ते ८० टक्के हळूहळू घसरू लागतात.

रविवार हा बहुतेकांचा सुटीचा दिवस असतो आणि रेल्वेच्या देखभालीचाही. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर माटुंगा ते मुलुंड या टप्प्यात वारंवार होणारा रविवारचा मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वेचा जंबोब्लॉक यांमुळे दुपारच्या सेशनला कोणी ना कोणी उशिरा पोहोचतो. शनिवारी अनेक खासगी कार्यालयांत काम असते. साकीनाका, मरोळ आणि सीप्झ या पट्ट्यात परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एका खेळाडूची संध्याकाळ ही दुसऱ्याची सकाळ असू शकते, आणि पाळी महिन्याने बदलली की जुळवलेली वेळ पुन्हा जुळवावी लागते.

घर हा त्याहून मोठा प्रश्न आहे. पाच-सहा माणसे, नकाशा, फासे आणि खाण्याच्या बशा मावतील असे टेबल एका खोली-स्वयंपाकघराच्या घरात नसते. असलेच तर त्याच खोलीत घरातील वडीलधारी मंडळी दूरदर्शन पाहत असतात आणि मुलांचा अभ्यास चालू असतो. रात्री अकरानंतर अचानक उठलेला ‘नैसर्गिक वीस’चा जल्लोष गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना रुचत नाही. भाड्याच्या घरात एकत्र राहणाऱ्या नोकरदार तरुणांकडे हा अडसर कमी असल्यामुळे अशा घरांत गट जमणे सोपे जाते. पण ती घरे ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर असतात. करार संपला, मालकाने भाडे वाढवले आणि दोघे ठाण्याला, एक वसईला गेला, की कथा कितीही रंगात आलेली असली तरी टेबल उरत नाही. बोर्ड गेम कॅफे हा पर्याय आहे; तेथे तासाचे किंवा किमान खरेदीचे शुल्क असते आणि शेजारच्या टेबलावरील गोंगाटात गंभीर प्रसंग टिकत नाही.

वर्षाचे चक्रही ठरलेले असते. जुलै-ऑगस्टमधील अतिवृष्टीच्या दिवशी बैठक रद्द होते. गणपतीत कोकणातील खेळाडू गावी जातो, नवरात्रात गुजराती मित्र गरब्यात असतो, पाठोपाठ दिवाळी येते. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे आणि लेखावर्षअखेरीचे, तर मे सुटीचा. सलग खेळण्यास योग्य असा काळ नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी आणि जूनचे काही आठवडे एवढाच उरतो; त्यातही लग्नाचे मुहूर्त असतातच. म्हणून दर आठवड्याच्या खेळावर आधारलेली परदेशी मार्गदर्शिकांतील वेळापत्रके येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

मराठी नाट्यगटांशी साम्य

मानधनाविना, नोकरी सांभाळून, भूमिका करण्यासाठी एकत्र येणाऱ्या माणसांचा गट टिकवण्याचा दीर्घ अनुभव महाराष्ट्राला हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीतून आहे. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींनी मुंबईत उभी केलेली ‘रंगायन’ ही संस्था सुमारे एक तप चालली. तिच्यातून बाहेर पडून अरविंद व सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ स्थापन केली. पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चे प्रयोग डिसेंबर १९७२ मध्ये प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनतर्फे सुरू झाले. संस्थेने ते थांबवल्यावर जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आदी मंडळींनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ काढली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा रंगमंचावर आले. दोन्ही वेळा संस्था फुटली, परंतु काम चालू राहिले. गट मोडणे आणि खेळ मोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे यातून दिसते.

जागेचे महत्त्वही येथे स्पष्ट होते. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रयोग सुरू केले आणि इतर संस्थांनाही जागा मिळाली. त्या चळवळीला नाव मिळाले ते कोणा नेत्याचे वा नाटकाचे नाही, तर इमारतीचे. पुढे ती जागा गेल्यावर संस्थेला माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवावे लागले.

साम्य येथे थांबते. नाट्यगटाला प्रयोगाची तारीख असते: तिकिटे छापलेली असतात, स्पर्धेची प्रवेशिका भरलेली असते, आणि न आलेल्या नटाला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते. रोलप्लेइंग गटाला प्रेक्षक नसतो आणि म्हणून तारीखही नसते. सेशन रद्द झाल्याने गटाबाहेरच्या कोणाचेच काही अडत नाही. हौशी कलाप्रकारांमध्ये हा खेळ इतक्या सहज पुढे ढकलला जातो, याचे हे बहुधा सर्वांत मूलभूत कारण असावे.

टिकाऊपणाचे प्रयत्न

ठरावीक गटाला पर्याय म्हणून सुरुवातीच्या मोकळ्या टेबलाकडे परतण्याचे प्रयोग झाले. बेन रॉबिन्स यांनी ‘वेस्ट मार्चेस’ नावाची मोहीम चालवून २००७ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत ठरावीक वेळ, ठरावीक चमू आणि ठरावीक कथानक यांपैकी काहीच नव्हते. दहा-बारा खेळाडूंपैकी ज्यांना खेळावयाचे असेल त्यांनी आपसांत दिवस ठरवून गेम मास्टरला कळवावयाचे आणि बैठकीच्या अखेरीस गावात परत यावयाचे, असा दंडक होता. दिवस ठरवण्याचे काम गेम मास्टरकडून खेळाडूंकडे गेले, हा त्यातील कळीचा बदल होय. याची किंमतही आहे. दर वेळी वेगळी माणसे असल्यामुळे एका पात्राच्या दुःखाला वर्षभर साथ देणारे सोबती मिळत नाहीत, आणि अनेक जण तर त्यासाठीच खेळत असतात.

मर्यादित लांबीची मोहीम हा मधला मार्ग आहे. ‘जोवर चालेल तोवर’ असे न ठरवता सहा किंवा आठ बैठकांचा करार केल्यास शेवट दिसत असतो, आणि शेवट दिसत असला की माणसे रजा टाकूनही येतात. मुंबईत गणेशोत्सव ते दिवाळी हा काळ सोडून दोन छोट्या मोहिमा बसवणे त्यामुळे शक्य होते. खेळाच्या दिवशी तीन जणच आले तर त्याच जगातील एखादा वन-शॉट तयार ठेवणे, निदान जमलेल्यांनी काहीतरी खेळून घरी जाणे, हीदेखील उपयुक्त सवय मानली जाते; रिकाम्या हाताने परतलेला खेळाडू पुढच्या वेळी निघताना विचार करतो.

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अनेक गट आंतरजालावर खेळू लागले. रोल२० (२०१२) आणि डिस्कॉर्ड (२०१५) ही साधने त्याआधीपासून उपलब्ध होतीच. प्रवासाचा आणि जागेचा प्रश्न त्यामुळे मिटला, परदेशी गेलेला मित्रही परत मिळाला. पण वेळेचा प्रश्न नव्या स्वरूपात आला. मुंबईत रात्रीचे ९ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे १०.३० आणि उन्हाळ्यात ११.३० वाजलेले असतात. वर्षातून दोनदा, अमेरिकेतील घड्याळे बदलली की कोणीतरी तासभर आधी किंवा नंतर येतो. शिवाय पडद्यामागे बसलेल्या माणसाचे लक्ष कुठे आहे हे कळत नाही.

दीर्घकाळ चाललेले गट

मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई विषयांचे अध्यापन केलेले एम. ए. आर. बार्कर यांनी रचलेल्या ‘टेकुमेल’ या जगातील खेळ १९७५ मध्ये ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या नावाने प्रकाशित झाला. त्यांच्या घरी गुरुवारी रात्री जमणारा गट अनेक दशके खेळत राहिला. कॅनडातील इतिहासाचे प्राध्यापक रॉबर्ट वॉर्डहॉ यांची मोहीम १९८२ पासून चालू असल्याचे प्रसिद्ध आहे. तीत खेळाडू येत-जात राहिले. या उदाहरणांत कथेच्या गुणवत्तेपेक्षा दुसरेच काही समान आढळते: यजमान स्वतःच गेम मास्टर, आणि स्थैर्य देणारी प्राध्यापकी. वारही बदलला नाही, निदान बार्कर यांच्या गटाच्या नावातच तो होता. साकीनाक्यात भाड्याने राहणाऱ्या गटाजवळ यांपैकी वार तेवढा आपल्या हाती असतो.

लोकप्रिय माध्यमांत

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेची सुरुवात (२०१६) तळघरात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या चार मुलांपासून होते. तिच्या तिसऱ्या पर्वात (२०१९) विल नावाचा मुलगा खेळाची सर्व तयारी करून, वेश परिधान करून बसतो आणि त्याच्या मित्रांचे लक्ष मैत्रिणींकडे असते. कोणीही त्याच्याशी वाईट वागू इच्छित नाही. ते एवढेच म्हणतात की आपण कायम तळघरात बसून खेळत राहू शकत नाही. भारतातील ज्या प्रेक्षकांना हा खेळ प्रथम या मालिकेतून कळला, त्यांना गट जमण्याचा आणि मोडण्याचा असे दोन्ही प्रसंग तिच्यातच पाहावयास मिळाले.